मतदार कुणाच्या मालकीचा?

निवडणूक संपली, गुलाल धुतला गेला, कमानी उतरल्या, की आपल्याकडे एका विशिष्ट प्रकारच्या विलापाला प्रारंभ होतो. पराभूत पक्षाचे कार्यकर्ते एकमेकांस विचारू लागतात : 'आमची मते गेली कुठे?' विजयी पक्षाचे कार्यकर्ते तेवढ्याच आत्मविश्वासाने सांगतात : 'आमची मते आम्हालाच पडली.' या दोन्ही वाक्यांतील 'आमची' या शब्दावर आमचा आक्षेप आहे. मत हे पक्षाचे नसते, ते मतदाराचे असते. शेतातील उभे पीक दुसऱ्याने कापून नेले तर शेतकऱ्याने हळहळावे, हे समजू शकते. परंतु मतदार हा कुणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेले पीक नव्हे. तरीही नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत गेली कित्येक वर्षे अमुक तालुका अमुक घराण्याचा, तमुक वस्ती तमुक पक्षाची, अशी भाषा आपण ऐकत आलो आणि दुर्दैवाने बोलतही आलो. या भाषेचा समाचार घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्याच्या घरावर कोणत्याही पक्षाचा झेंडा नाही, जो प्रत्येक निवडणुकीत नव्याने विचार करतो, लोकसभेला एकाला आणि विधानसभेला दुसऱ्याला मत देण्यात ज्याला संकोच वाटत नाही, अशा मतदाराला आम्ही 'अपक्ष मतदार' म्हणतो. राजकीय कार्यकर्त्यांच्या बोलीत त्याला 'काठावरचा', 'तळ्यात-मळ्यात करणारा' अशी हिणकस नावे आहेत. आमचे म्हणणे असे की, या दोन जिल्ह्यांतील निवडणुकांचे निकाल वर्षानुवर्षे फिरवत आला तो हाच मतदार, आणि लोकशाहीत जो काही जिवंतपणा शिल्लक आहे, त्याचे मोठे श्रेय त्याच्याकडे जाते.

वाचकहो, यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. २० नोव्हेंबर २०२४ हा दिवस आठवावा. त्या दिवशी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते आणि त्याच दिवशी नांदेड लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूकही होती. त्याच वर्षीच्या जून महिन्यात काँग्रेसचे वसंतराव चव्हाण भाजपच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांचा ५९,४४२ मतांनी पराभव करून खासदार झाले होते. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि जागा रिक्त झाली. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहा विधानसभा मतदारसंघांतील मतदार एकाच केंद्रात, एकाच रांगेतून जाऊन दोन वेगवेगळ्या यंत्रांवर दोन मते देऊन बाहेर आला. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या, भोकरमध्ये तर सुमारे पन्नास हजारांचे मताधिक्य होते. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी जिंकली. त्यांना ५,८६,७८८ मते पडली, तर भाजपचे संतुकराव हंबर्डे यांना ५,८५,३३१. फरक केवळ १,४५७ मतांचा.

या आकड्यांकडे जरा शांतपणे पाहावे. एकाच दिवशी, एकाच वेळी, तोच मतदार विधानसभेसाठी एका बाजूला आणि लोकसभेसाठी दुसऱ्या बाजूला उभा राहिला. सर्वच मतदारांनी असे केले, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांनी दोन्ही यंत्रांवर एकाच आघाडीचे बटण दाबले असणार. विधानसभेच्या रिंगणात उमेदवार वेगळे होते, मते विभागली जाण्याची कारणेही वेगळी होती, हेही खरे. परंतु सहा ठिकाणी पुढे असलेली आघाडी सहांच्या बेरजेत मागे पडते, तेव्हा हजारो मतदारांनी दोन प्रश्नांची दोन स्वतंत्र उत्तरे दिली, याखेरीज दुसरा निष्कर्ष काढता येत नाही. कुणी म्हणेल, ही दिवंगत खासदारांच्या पुत्राविषयीची सहानुभूती होती. असेल. परंतु सहानुभूती वाटणे किंवा न वाटणे हाही मतदाराचाच निर्णय असतो, तो कुणा पक्षाने काढलेला आदेश नसतो.

आता १,४५७ या आकड्याचा अर्थ पाहू. सहा विधानसभा मतदारसंघांत हा फरक वाटला तर प्रत्येकी अडीचशे मतेही येत नाहीत. केवळ ७२९ मतदारांनी आपले मत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले असते, तर निकाल उलटा लागला असता. आपल्या एखाद्या मध्यम आकाराच्या गावात सातशे एकोणतीस मतदार सहज सापडतात. 'आपण मूठभर आहोत, आपल्या मताने काय होणार?' हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत अनेक वर्षे विचारला जातो. मराठवाड्यात आपण मूठभर आहोत, हे निर्विवाद आहे. परंतु नांदेडच्या निकालाने दाखवून दिले की, मूठभर असणे म्हणजे निरर्थक असणे नव्हे.

हा एकच प्रसंग असता तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु या दोन जिल्ह्यांचा इतिहास अशा प्रसंगांनी भरलेला आहे. शंकरराव चव्हाणांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नांदेडने १९७७ साली शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडग्यांना लोकसभेत पाठवले, आणि १९८९ साली जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्दे यांना. लातूरमध्ये १९९५ साली विलासराव देशमुखांसारख्या मातब्बर मंत्र्याला जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी सुमारे ३५ हजार मतांनी पराभूत केले. त्याच लातूरने १९९९ साली त्याच विलासरावांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिले आणि ते मुख्यमंत्री झाले. १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर गेलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना २००४ साली रूपाताई पाटील निलंगेकरांनी ३०,८९१ मतांनी हरवले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लातूरच्या मतदाराने विधानसभेसाठी पुन्हा विलासरावांवर विश्वास टाकला. पुढे २०१९ साली अशोक चव्हाण नांदेड लोकसभेत ४०,१४८ मतांनी हरले आणि सहाच महिन्यांत, त्याच लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या भोकरमधून प्रचंड मताधिक्याने आमदार झाले.

हे सारे पाहून काही विद्वान म्हणतात की, मराठवाड्याचा मतदार चंचल आहे. या आरोपाचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. चंचल कोण? २०१४ साली शिवसेनेचा आमदार, २०१९ साली भाजपचा खासदार आणि २०२४ साली राष्ट्रवादीचा आमदार, असा एकाच नेत्याचा प्रवास याच नांदेड जिल्ह्याने पाहिला. दोन वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ काँग्रेसच्या वतीने घेतलेला नेता फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेला, हेही याच जिल्ह्याने पाहिले. देगलूरचे काँग्रेसचे आमदार त्याच वर्षी पक्षांतर करून भाजपच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. राज्यात २०२२ साली शिवसेना दुभंगली, २०२३ साली राष्ट्रवादी. या साऱ्यांना त्या त्या वेळी 'राजकीय भूमिका', 'विकासासाठी घेतलेला निर्णय', 'काळाची गरज' अशी भारदस्त नावे मिळाली. नेता फिरला तर ती भूमिका आणि मतदार फिरला तर तो चंचल! हा कुठला न्याय? आम्ही तर उलट म्हणू. नेते एवढ्या वेगाने पक्ष बदलत असताना ज्या मतदाराने आपली निष्ठा पक्षाच्या चिन्हाला बांधून ठेवली, त्याचीच अधिक फसगत झाली. चिन्ह एकीकडे राहिले, माणूस दुसरीकडे गेला आणि हा मधल्या रस्त्यावर उभा. जो मतदार प्रत्येक वेळी माणूस, काम आणि प्रश्न तपासून मत देतो, तो निदान स्वतःच्या विवेकाशी तरी एकनिष्ठ राहतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्ह्यातला सर्वांत मोठा नेता पक्ष बदलून गेल्यावर जाणकारांनी गणित मांडले की, आता नांदेडची लोकसभा भाजपला सहज मिळणार. त्या गणितात मतदाराला सामानासारखे धरले होते : मालक घर बदलतो तेव्हा भांडीकुंडी त्याच्या मागोमाग जातातच. एप्रिलमध्ये मतदान झाले आणि जूनमध्ये कळले की, भांडीकुंडी जागच्या जागी आहेत. त्याच नेत्याच्या कन्येला नोव्हेंबरमध्ये भोकरच्या मतदाराने भाजपच्या चिन्हावर मोठ्या मतांनी निवडून दिले, ही गोष्टही आम्ही तितक्याच मोकळेपणाने नोंदवतो. आमचे म्हणणे कोणत्याही पक्षाच्या बाजूचे नाही आणि विरोधातलेही नाही. मतदाराने दोन्ही वेळा स्वतः ठरवले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. अपक्ष मतदार आणि अपक्ष उमेदवार या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९५ सालच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते. काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या होत्या. २८८ जणांच्या सभागृहात कुणालाच बहुमत नव्हते, आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. त्या अपक्षांपैकी पुष्कळजण मुळात तिकीट नाकारले गेलेले पक्षाचेच कार्यकर्ते होते आणि त्यांतले काही पुढे मंत्रीही झाले. म्हणजे अपक्षाला मत देणाऱ्याने पक्षांना नाकारले आणि त्याच्या मताने शेवटी पक्षांचेच सरकार चालले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार निवडून आलेला अपक्ष आमदार एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश करता झाला तर अपात्र ठरतो, परंतु बाहेरून पाठिंबा देण्यास त्याला कोणतीही आडकाठी नाही. पुढे अपक्ष आमदारांची संख्या घटत गेली. २०१९ साली ते १३ होते, २०२४ साली केवळ २. यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की, लोक आता पक्षांशी पक्के बांधले गेले आहेत. तो चुकीचा ठरेल. अपक्ष उमेदवार कमी झाले, अपक्ष मतदार कमी झाला नाही. जून २०२४ मध्ये ज्या महाराष्ट्राने लोकसभेच्या ४८ पैकी केवळ १७ जागा महायुतीला दिल्या, त्याच महाराष्ट्राने पाच महिन्यांनी तिच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून विधानसभेच्या २३० जागा दिल्या. बांधलेला मतदार एवढा हलत नाही.

'परंतु हा मतदार हलतो तो विकत घेतला जातो म्हणून', असा आणखी एक आक्षेप घेतला जातो. जून २०२४ च्या अंतिम सप्ताहात 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले आणि नोव्हेंबरचा निकाल फिरला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या योजनेचा निकालावर परिणाम झाला असेल, हे आम्ही नाकारत नाही. परंतु सरकारी तिजोरीतून कायद्याने मिळणारी रक्कम आणि मतदानाच्या आदल्या रात्री दारात आणून दिलेले पाकीट या दोहोंना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे आहे. पहिली गोष्ट धोरण आहे, तिच्यावर वाद घालता येतो. दुसरी गोष्ट गुन्हा आहे आणि आमच्या दृष्टीने पापही. शेतमजूर स्त्रीने दीड हजार रुपयांचा विचार केला तर ती विकली गेली, आणि कारखानदाराने कराच्या सवलतीचा विचार केला तर तो अर्थतज्ज्ञ, ही दुहेरी मापे आम्हाला मान्य नाहीत.

तथापि अपक्ष मतदाराचे काम मत देऊन संपत नाही, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. त्याच निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे वचन दिले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही. लातूर-नांदेडच्या सोयाबीन उत्पादकाला त्या वेळी ४,८९२ रुपये क्विंटल या हमीभावापेक्षाही कमी दराने माल विकावा लागत होता, तेव्हा एका बाजूने सहा हजारांचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या बाजूने सात हजारांचे. पुढच्या हंगामासाठी हमीभाव जाहीर झाला तो ५,३२८ रुपये. ही बेरीज-वजाबाकी लक्षात ठेवणे, हेच अपक्ष मतदाराचे खरे सामर्थ्य आहे. पक्षाचा बांधील मतदार आश्वासन विसरायला तयार असतो, कारण त्याला पुन्हा तेथेच जायचे असते. अपक्ष मतदाराने विसरणे म्हणजे आपले एकमेव शस्त्र गंजू देणे होय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरच्या नळाला कोणत्याही पक्षाचा रंग नव्हता. पाण्याचा, भावाचा, शाळेचा, दवाखान्याचा प्रश्न घेऊन जो मतदार उभा राहतो, त्याच्यापुढे झेंड्याचा रंग फिका पडतो.

आता स्वातंत्र्याच्या नावाखाली चालणाऱ्या एका आळसाकडे वळू. 'सगळे सारखेच, म्हणून आम्ही जातच नाही', असे म्हणणारा स्वतःला अपक्ष समजतो. तो अपक्ष नव्हे, तो अनुपस्थित आहे. त्याच्या गैरहजेरीने बांधील मतांचे वजन वाढते, एवढाच तिचा परिणाम. 'वरीलपैकी कुणीही नाही', म्हणजे नोटा, हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निर्णयामुळे आपल्याला मिळाला. त्याचा सर्वांत बोलका वापर आपल्याच लातूर ग्रामीण मतदारसंघात झाला. २०१९ च्या विधानसभेत तेथे धीरज देशमुख सव्वा लाखाहून अधिक मते घेऊन विजयी झाले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, तर नोटा होता, २७,५०० मतांचा! शिवसेनेचा उमेदवार तिसरा आला. ती जागा युतीत शिवसेनेला सुटल्याने भाजपचे कार्यकर्ते नाराज होते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे त्या २७,५०० मतांत खरोखर स्वतंत्र मतदार किती आणि आपले चिन्ह न दिसल्याने रुसलेले पक्षनिष्ठ किती, हे यंत्र सांगत नाही. निकालावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही, कारण विधानसभेला नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्या खालोखाल मते मिळवणारा उमेदवारच विजयी ठरतो. आणि त्याच मतदारसंघात २०२४ साली भाजपच्या रमेश कराडांनी धीरज देशमुखांना हरवले ते ६,५९५ मतांनी. शेजारच्या लातूर शहरात अमित देशमुख वाचले ते ७,३९८ मतांनी. नोटाचा अधिकार आम्ही कमी लेखत नाही. परंतु नाही म्हणण्याने निषेध नोंदवला जातो, निवड होत नाही.

यापुढचा मुद्दा आपल्या घरचा आहे आणि तो अधिक कठोरपणे मांडला पाहिजे. निवडणूक जवळ आली की, उमेदवारांचे दूत धर्मगुरूंच्या, पंचांच्या, समाजाच्या पुढाऱ्यांच्या दारी येतात. प्रश्न एकच असतो : 'तुमच्या लोकांची किती मते?' मग कुठे सभागृहाच्या पत्र्याची गोष्ट निघते, कुठे दफनभूमीच्या कुंपणाची, कुठे रस्त्याची. आम्ही स्पष्टपणे सांगतो की, 'आमच्या लोकांची मते' असा कुठलाही साठा आमच्या कपाटात नाही, आणि असता तरी तो देण्याचा आम्हाला अधिकार नाही. दफनभूमीला कुंपण हवे, हा नागरिकांचा हक्क आहे, ती मतांच्या गठ्ठ्याची किंमत नव्हे. जो समाज आपला गठ्ठा बांधून देतो, त्याच्याशी राजकारणी पुढे कधीच बोलत नाहीत. ते फक्त गठ्ठा बांधणाऱ्याशी बोलतात.

याविषयी कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्माच्या वा जातीच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी प्रत्येक धर्मगुरूने वाचावी : अमुक प्रकारे मत दिले नाही तर दैवी कोप होईल किंवा धार्मिक निषेध ओढवेल, अशी भीती मतदाराला घालणे हाही भ्रष्ट आचारच. ख्रिस्तसभेचा कायदाही धर्मगुरूला पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेण्यास सामान्यतः मज्जाव करतो, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नागरिकांना त्यांच्या मुक्त मताधिकाराची आणि तो सार्वजनिक हितासाठी वापरण्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली आहे. देशाचा कायदा आणि धर्माची शिकवण यांचे येथे एकमत आहे. प्रवचनपीठावरून आम्ही एवढेच सांगू शकतो : मत द्या, विचार करून द्या, विकू नका. कुणाला, हे सांगण्याचा अधिकार पीठाला नाही.

आपल्यापैकी काहीजण यावर म्हणतील : 'फादर, हे सारे ठीक आहे. इतर समाज एकगठ्ठा मत देतात आणि त्यांचे काम होते. आपण विखुरलो तर आपल्याला कोण विचारणार?' हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळता येणार नाही. परंतु जरा विचार करावा. गठ्ठा कुणाचा मोठा, या शर्यतीत आपण मराठवाड्यात कधीही जिंकणार नाही. त्या शर्यतीत आपले स्थान शेवटचेच राहील. याउलट, ज्याचे मत आधीच ठरलेले नाही, त्याच्या दारी दोन्ही बाजूंना यावे लागते. अल्पसंख्याकाचे बळ संख्येत नसून त्याचे मत गृहीत धरता न येण्यात आहे. ठरलेले मत गृहीत धरले जाते, न ठरलेले मत ऐकून घेतले जाते.

परंतु स्वतंत्रपणे मत देण्यासाठी निर्भयता लागते, आणि येथे व्यवस्थेतच एक मोठी उणीव आहे. मत गुप्त असते, हे आपल्याला शाळेत शिकवले गेले. एका माणसाचे मत गुप्त राहते, हे खरे. पण गावाचे? मतमोजणीत प्रत्येक केंद्राचे यंत्र वेगळे मोजले जाते आणि कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली, याचा तक्ता प्रसिद्ध होतो. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रात एखादी छोटी वस्ती, एखादा पाडा, एखादी पंधरा-वीस घरांची ख्रिस्ती आळी कुणीकडे झुकली, याचा अंदाज बांधायला पुढाऱ्यांना ज्योतिषी लागत नाही. मग 'तुमच्या केंद्रावर आम्हाला मते कमी पडली', असे सुनावून रस्ता अडतो, नळ अडतो, घरकुलाची यादी अडते. मोठ्या समाजाला ही भीती कमी, लहान समाजाला अधिक.

कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय निवडणूक नियमांत केलेली होती. यंत्रे आली आणि ती सोय व्यवहारातून गेली. अनेक केंद्रांच्या यंत्रांची एकत्र बेरीज करणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली केंद्र सरकारकडे पाठवला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र तो स्वीकारला नाही. केंद्रनिहाय आकडे मिळाले तर कुठे काम कमी पडले हे पक्षांना समजते, असा एक युक्तिवाद त्याविरुद्ध केला जातो. आम्ही विचारतो : पक्षांना अभ्यासाची सोय व्हावी म्हणून दुबळ्या वस्तीने आपले मत उघडे पाडायचे काय? दहा-बारा केंद्रांची मते एकत्र मोजली तर निकालात एका मताचाही फरक पडत नाही, पण एका वस्तीच्या मानेवरचा हात मात्र निघतो. कोणताही उमेदवार मत मागायला दारी आला, तर त्याला सभागृहाच्या पत्र्याऐवजी हा प्रश्न विचारावा : 'केंद्रांची मते मिसळून मोजण्यास तुमचा पाठिंबा आहे काय? आहे, तर सभागृहात कधी बोलणार?' या मागणीत आपल्या समाजासाठी वेगळे काही नाही. ती प्रत्येक लहान वस्तीची, प्रत्येक दुबळ्या घराची मागणी आहे, आणि म्हणूनच ती करण्यात आपला मोठेपणा आहे.

शेवटी पक्षनिष्ठ वाचकांसाठी दोन शब्द. पक्ष असावेत, त्यांचे सभासद असावेत, त्यांनी घाम गाळावा, हे लोकशाहीला आवश्यकच आहे. आपल्यापैकी ज्यांना एखाद्या पक्षाचे तत्त्व मनापासून पटते, त्यांनी तेथे जरूर काम करावे. आम्ही त्यांना कमी लेखत नाही. आमची तक्रार निष्ठेविरुद्ध नाही, निष्ठेला मालकी समजण्याविरुद्ध आहे. शेजाऱ्याने वेगळे मत दिले म्हणून त्याच्याशी बोलणे टाकणारे, सख्ख्या भावाच्या लग्नाला न जाणारे लोक आपल्या गावांत आहेत. पक्षाचे नेते एका रात्रीत एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि त्यांच्यासाठी भांडलेली दोन घरे पिढीभर अबोला धरतात. ही किंमत कुणासाठी मोजायची?

पुढच्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी जेवणानंतर एकत्र बसावे. मागील वेळी कोण काय बोलले होते, त्यातले काय झाले, आपल्या गावाला आणि आपल्याहून गरीब असलेल्या घराला कशाची गरज आहे, याचा हिशेब मांडावा. नवऱ्याने बायकोचे मत ठरवू नये, वडिलांनी मुलाचे ठरवू नये, आणि धर्मगुरूने कुणाचेच ठरवू नये. एकाच घरातून चार जणांनी चार वेगळी मते दिली तरी चालतील. ते घर फुटले असे आम्ही मानणार नाही. त्या घरात चार माणसे राहतात, एवढेच त्यावरून सिद्ध होईल. आणि निकालाच्या दिवशी कुणी 'आमची मते गेली कुठे' असे विचारीत आले, तर त्याला नम्रपणे सांगावे की, ती तुमची कधीच नव्हती.